लाल कुसळांचं भात

गावात तिला सगळे कडकबाई म्हणत, आणि ते तिला मनातून आवडायचं.

वरच्या खाणीचं पाणी वर्षानुवर्षं भातशेतांत मुरलं होतं. त्यातलं कॅडमियम काढायला दोन वर्षांपासून सरकारी योजनेत मुद्दाम लाल कुसळांचं भात लावत. ते मातीतलं विष शोषून घ्यायचं, मग मुळासकट उपटून बंद भट्टीत जाळायचं. त्यातला दाणाही कुणाच्या घरी जाऊ नये, हे बघणं कडकबाईचं काम. फाटकावर ती सगळ्यांचे खिसे झटकायला लावी. सख्ख्या नणंदेचा डबाही तिने उघडायला लावला होता. नणंद अजून बोलत नाही.

त्या दिवशी दुपारी ती घरी आली, तर मागच्या दारी सुपात कोंडा. कोंड्यात लाल कुसळं.

"आई, हे कुठून आणलंत?"

"आपल्याच शेतातून," सासूबाई म्हणाल्या. "तुमची माणसं उपटून गेली, लोंब्या तशाच पडलेल्या. पडलं धान्य सोडून यायचं म्हणजे काय? कुंपणाखालून हात घालून वेचल्या." जन्मभर त्यांनी हेच केलं होतं.

"खाल्लं कुणी?"

"मी कशाला खाते? नातीला मऊ भात करून घातला. आठ दिवस झाले. तिच्या पोटात तेवढाच ठरतोय."

माहेरी आलेल्या मुलीला पाचवा महिना होता. कडकबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गावभरचे डबे तपासले आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावली नाही! मुलीला घेऊन तिने थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आठ दिवसांत लगेच काही होत नाही. हे विष हळूहळू साठतं, वर्षं लागतात. तरी तपासण्या करू."

कडकबाईचा जीव भांड्यात पडला. "बघ, उगाच घाबरलीस," असं मुलीलाच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "योजनेत शेत जाण्याआधी भात कुठला खायचात?"

हा प्रश्न कडकबाईने दोन वर्षं स्वतःला विचारायचं टाळलं होतं. आताही ती पिशवी आवरू लागली.

उत्तर मुलीनेच दिलं, तेही कौतुकाने.

"आमच्याच शेतातला, अगदी जन्मल्यापासून. आई फार कडक. बाहेरचा दाणा कधी घरात येऊ दिला नाही तिने."