बारावं माणूस

बेटावर जायचा हुकूम आला तेव्हा मी शारजाच्या छावणीत वायरलेस सेट पुसत होतो. फौजेतली माझी बहुतेक नोकरी सेट पुसण्यातच गेली. शत्रूवर मी एकही गोळी झाडली नाही. शत्रूनेही माझ्यावर झाडली नाही. माझी नेमणूक कुठे आहे हे त्याला कोणी कळवलं नसावं. पाहुणे आले की आमची जुलेखा सांगते, "हे फौजेत होते, पण रेडिओवर." त्यातला "पण" मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे.

साठच्या दशकाचा मध्य होता. सात अमिरातींचा एक देश तेव्हा झालेला नव्हता. किनाऱ्यावर निरनिराळ्या शेखांचे मुलूख होते आणि तिथे शांतता राखायला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती. शिपाई बहुतेक अरब. वायरलेस, वर्कशॉप, दवाखाना असल्या कामांना आमच्यासारखे हिंदी-पाकिस्तानी. मी दाभोळच्या खाडीकाठचा. मुंबईत मोर्स शिकलो आणि एका नातेवाइकाच्या ओळखीने इथे भरती झालो.

हुकूम साधा होता. एक कॅप्टन, एक कॉर्पोरल, चार शिपाई आणि मी. बेटावर जाऊन चार गोष्टींचा रिपोर्ट द्यायचा: लोकसंख्या, शेती, सोयी, वाहतूक. आठवड्याला एक लाँच डॉक्टर आणि सामान घेऊन बेटावर पाठवावी का, हे त्या रिपोर्टवर ठरणार होतं. बेटावर पुरेशी माणसं आहेत असं दिसलं, तर पहिली लाँच डॉक्टरसकट लगेच निघणार होती.

आमचा कॉर्पोरल सईद रास अल खैमाच्या डोंगरातला. त्याने समुद्र लांबूनच पाहिला होता. निघताना तो म्हणाला, "हबीबी, तू समुद्राकाठचा. मला काही झालं तर सांभाळ." मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. खाडीतून बाहेर पडल्यावर पहिल्याच लाटेला मी गलबताच्या काठावर ओणवा झालो. बेट येईपर्यंत सईदने माझा पट्टा मागून धरून ठेवला होता.

"तुमच्या गावात सगळे असाच समुद्र बघतात का?" त्याने विचारलं.

बेट लहान होतं. मधोमध दोन विहिरी, त्यांच्या भोवती खजुराची झाडं, थोडं शेळ्यांसाठीचं हिरवं. चुन्याने रंगवलेली एक मशीद. खजुराच्या झावळ्यांची घरं मात्र बरीच होती, पण त्यांची दारं बाहेरून दोरीने बांधलेली. वाळूवर तीन होड्या पालथ्या पडल्या होत्या. दुकान म्हणून जी झोपडी होती तिच्यात एक कोंबडी बसलेली.

आम्हाला भेटायला एक म्हातारा आला. त्याला बू राशिद म्हणायचे. मागून काठी टेकत त्याची म्हातारी. त्यांची सून मैथा घराच्या सावलीत बसलेली होती आणि तिचे दिवस भरलेले दिसत होते. बाकी चार म्हातारे, तीन बायका आणि एक आंधळे आजोबा. कॉफी झाली, खजूर झाले. मग कॅप्टनने त्याच्या पुस्तकी अरबीत विचारलं, "बेटावर माणसं किती?"

"अकरा."

"आणि ही बंद घरं?"

"घरं आहेत."

"त्यांच्यातली माणसं?"

"जे समोर नाहीत त्यांचं विचारू नका," म्हातारा म्हणाला आणि त्याने कप उलटा ठेवला.

कॅप्टन शहाणा माणूस होता. दुःखाची जखम आहे असं समजून तो गप्प बसला. मलाही तसंच वाटलं. कुठला तरी रोग आला असेल, नाहीतर लोक कुवेतला तेलाच्या कामावर निघून गेले असतील. अशी बेटं रिकामी होत होतीच. आम्ही सगळी घरं फिरून पाहिली. एकातही चूल पेटलेली नव्हती. संध्याकाळी कॅप्टनने सिग्नल लिहिला आणि मी तो बेसला पाठवला: लोकसंख्या अकरा, शेती किरकोळ, सोयी नाहीत, वाहतूक नाही.

सकाळच्या वेळेला उत्तर आलं. लाँच रद्द. आठवड्याअखेर गलबत येईल, परत या.

कॅप्टन "ठीक" म्हणाला. रिपोर्ट संपला होता. मी चहा टाकला. तेवढ्यात शमाल सुटला. हा वायव्येचा वारा तिकडे उन्हाळ्यात येतो आणि येताना अर्धं वाळवंट बरोबर आणतो. चहाच्या पाण्याला वाळूचा रंग चढला. मी तो गाळून प्यायलो. फौजेतलं माझं एवढंच शौर्य जुलेखाला मान्य आहे.

वाऱ्यातून म्हातारी आली. काठी न टेकता आली, म्हणून आम्ही उभे राहिलो. ती सरळ सईदपाशी गेली.

"तुमची लाँच कधी येते? डॉक्टर आणणार आहे म्हणालात ना काल?"

"काय झालं, आई?"

"मैथाच्या कळा पहाटेपासून चालू आहेत. मूल आडवं आहे. मी पुष्कळ बाळंतपणं केली आहेत, हे माझ्या हातचं नाही. मागच्या खेपेचं मूल होडीतून नेताना वाटेतच गेलं. आता तर होडी ओढायलाही कोणी नाही. सगळे खजुरांना गेले."

सईदने मान फिरवून कॅप्टनकडे पाहिलं.

"साहेब, इथली माणसं खजूर उतरवायला रास अल खैमाच्या बागांत गेली आहेत. उन्हाळ्यात इथल्या विहिरी मचूळ होतात. मोसम संपला की परत येतील."

"परत येतील? किती जण?"

"सगळे."

कॅप्टन म्हाताऱ्याकडे वळला. "मग काल तू अकराच का सांगितलेस?"

बू राशिद वाळूकडे बघत राहिला. उत्तर सईदनेच दिलं. "तो नाही सांगणार, साहेब. वाटेवरच्या माणसांना मोजत नाहीत. मोजलं तर एखादा कमी होऊन परत येतो, असं मानतात. आमच्या डोंगरातही नाही मोजत."

"हे तू मला काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्याला विचारलंत, साहेब. मला नाही विचारलंत."

मी तिथे उभा होतो आणि मला माझी आई आठवत होती. माझे दोन भाऊ जहाजावर होते, मी इथे. गावात कोणी चौकशीला आलं आणि मुलं किती म्हणून विचारलं, तर आई म्हणायची, "घरात आहेत ती दिसतायत ना तुम्हाला?" घरात तेव्हा एक मांजर असायचं. अर्धं कोकण असंच असतं, बाया-म्हातारे घरी आणि बाकीचे कुठे कुठे. आमच्या गावात ऐन मोसमात कोणी मोजणीला आलं असतं, तर त्यानेही गाव ओसाड म्हणून लिहिलं असतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी आदल्या संध्याकाळी मी "अकरा" हा आकडा अगदी स्वच्छ मोर्समध्ये पाठवला होता.

"बेस लाव," कॅप्टन म्हणाला.

आमची पुढची ठरलेली वेळ संध्याकाळची होती. पण तातडीच्या वेव्हवर बेस दर तासाला ऐकायचा. मी तास भरायची वाट पाहिली. तंबूचा एक खुंटा निघाला तो पायाने दाबून धरला.

"बेस, कालच्या सिग्नलमध्ये दुरुस्ती आहे. ओव्हर."

"कसली दुरुस्ती? ओव्हर."

कॅप्टनने माझ्या हातातून माइक घेतला. "लोकसंख्या अकरा. बारा होण्याच्या बेतात आहे. मूल आडवं आहे. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "तुमच्या रिपोर्टप्रमाणे बेटावर सोय चालवण्याइतके लोक नाहीत. ओव्हर."

"रिपोर्ट चुकला. लोक बाहेरगावी आहेत. त्यांच्यापैकी एकाची बायको इथे आहे. ओव्हर."

पुन्हा खरखर. म्हातारी सेटकडे असं बघत होती, जणू आत कोणी माणूस बसला आहे आणि तो हट्ट करतो आहे.

"लाँच निघते आहे. डॉक्टर आणि नर्स. तुमच्याकडे वारा कसा आहे? ओव्हर."

माइक माझ्याकडे आला. मी बाहेर पाहिलं. आमचा स्वयंपाकाचा तंबू समुद्राच्या दिशेने चालला होता.

"वारा आहे. ओव्हर," मी म्हणालो.

बेटाभोवती खडकांची रांग होती आणि तिच्यात एकच वाट. येणारे नाखवे मशिदीची पांढरी भिंत आणि तिच्यामागचं उंच खजुराचं झाड एका रेषेत धरून आत यायचे. त्या दिवशी धुळीत भिंत दिसत नव्हती आणि झाडही. असा वारा असला की बेटावरचे तरणे लोक वाटेच्या तोंडाशी होडी घेऊन उभे राहायचे. ते तरणे लोक तिकडे खजूर उतरवत होते.

"कोणीतरी वाटेच्या कडेला उभं राहायला पाहिजे," म्हातारा म्हणाला. "पाणी छातीइतकं आहे. मी जातो."

त्याला वाऱ्यात नीट उभंही राहता येत नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकाठचा होतो ना.

"मी काठचा आहे," मी म्हणालो. "आतला नाही."

सईदने बूट काढले. डोक्याचा लाल चौकड्यांचा रुमाल सोडला आणि खजुराच्या झावळीच्या लांब दांड्याला बांधला. कमरेला दोर बांधून घेतला.

"तुला पोहता येतं?" कॅप्टनने विचारलं.

"नाही, साहेब. उभं राहता येतं."

म्हाताऱ्याने काठावरून हाताने दिशा दाखवली. उजवीकडे, अजून उजवीकडे, तिथे खडक संपतो, बस. सईद पाण्यात गेला. दोराचं दुसरं टोक मी, कॅप्टन आणि शिपायांनी धरलं. लाट आली की तो गळ्यापर्यंत बुडायचा, पण दांडा वरच असायचा. दुपार अशीच गेली. दोर ओढला की तो एकदा ओढून उत्तर द्यायचा. त्या दिवशी वायरलेसपेक्षा तो दोर चांगला चालला.

आधी इंजिनाचा आवाज आला. मग धुळीतून लाँचचं नाक दिसलं, भलतीकडेच वळलेलं. सईदने दांडा हलवला. लाँच थबकली, वळली, लाल रुमालाला उजव्या हाताला ठेवून सरळ आत आली. डॉक्टर उडी मारून उतरला. त्याच्यामागे बॅग डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यात एक मल्याळी नर्सबाई.

"पेशंट किधर है?" तिने मला विचारलं.

मी बोटाने दाखवलं.

म्हातारीने डॉक्टरला दारातच अडवलं आणि नर्सबाईला आत घेतलं. डॉक्टर झावळीच्या भिंतीपलीकडून सूचना द्यायचा आणि नर्सबाई "यस डॉक्टर" म्हणून बहुतेक स्वतःच्या मनाप्रमाणे करायची. मूल तिने बाहेरून हळूहळू फिरवलं, असं मागाहून कळलं. सईद ब्लँकेट गुंडाळून बसला होता, ओठ निळे. मी त्याला चहा दिला. त्यात वाळू होती. त्याने तो तसाच संपवला.

मग आतून रडणं ऐकू आलं. नवं, चिडलेलं रडणं. कॅप्टन पाठ फिरवून होड्यांकडे बघत राहिला आणि त्याने दोनदा नाक शिंकरलं. धुळीमुळे, म्हणाला.

बू राशिद बाहेर आला. "मुलगी. आई चांगली आहे."

कॅप्टनने मोजायचं की नाही अशा चेहऱ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"मोज," म्हातारा म्हणाला. "ती कुठे गेलेली नाही. इथेच आहे."

संध्याकाळच्या वेळेला मी सिग्नल पाठवला: लोकसंख्या बारा. सर्व ठीक. बेसचा ऑपरेटर हैदराबादचा होता. तो नियम सोडून म्हणाला, "मुबारक हो मियाँ." नियम सोडून मीही "शुक्रिया" म्हणालो.

बेसने परतीचं गलबत पुढे ढकललं, लोक आले की पुन्हा मोजा म्हणून कळवलं, आणि आम्ही मोसम संपेपर्यंत तिथेच राहिलो. एका सकाळी होड्या आल्या, एकामागून एक. खजुराची पोती, शेळ्या, पाळणे, भांडी, पोरंच पोरं. पहिल्या होडीतून मैथाचा नवरा राशिद उतरला तो धावतच घरी गेला. सगळे उतरल्यावर बू राशिदने कॅप्टनला हाक मारली. "यल्ला, आता मोज." कॅप्टन मोजायला लागला. पोरं जागची हलत होती, त्याने तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली आणि मग हसत सोडून दिलं. रिपोर्टात त्याने "भरपूर" असं लिहिलं. लाँच दर आठवड्याला सुरू झाली.

पुढच्या हिवाळ्यात रास अल खैमाच्या पलीकडच्या डोंगरात पाऊस झाला. कोरडी वादी, म्हणजे एरवी सुकं असणारं ओढ्याचं पात्र, अचानक भरून आली आणि आमची एक लँडरोव्हर मधोमध अडकली. आतल्या ड्रायव्हरला काढायला सईद कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. ड्रायव्हर निघाला. दोर रिकामा परत आला. तो सिग्नल बेसवर मीच घेतला. त्यात एक आकडा होता आणि एक नाव. मी दोन्ही पुन्हा विचारून घेतली, बरोबर आहे म्हणालो आणि ओव्हर म्हणालो.

लाँचवाल्यांनी ती बातमी बेटावर नेली. बेटवाल्यांनी खडकाच्या कडेला, सईद उभा होता तिथे, खजुराचं एक खोड रोवलं आणि वर लाल कापड बांधलं. कापड विरलं की नवं बांधतात.

गेल्या वर्षी मी जुलेखाला आणि मुलांना घेऊन तिथे गेलो. आता तिकडे धक्का आहे, शाळा आहे, इंजिनाच्या मोठ्या बोटी आहेत. खाडीतून बाहेर पडल्यावर पहिल्याच लाटेला मी काठावर ओणवा झालो. जुलेखाने मागून माझा पट्टा धरला. "फौजेत होते म्हणे," ती मुलांना म्हणाली.

बेट जवळ आलं तसा पुढे उभा असलेला कोवळा खलाशी मागे वळून ओरडला, "सईद उजवीकडे."

"सईद उजवीकडे," सुकाणूवरच्याने उत्तर दिलं.

"अब्बा, हू इज सईद?" मुलाने विचारलं.

मी तोंड पुसलं आणि बोट दाखवलं. पाण्यात खोड उभं होतं, वर नवं लाल कापड. आम्ही त्याला उजव्या हाताला ठेवलं आणि सुखरूप आत आलो.