लिस्बनहून, मुलुंडच्या दुसऱ्या बेडरूमबद्दल

लिस्बनला निघालो तेव्हा टॅक्सीत बॅगा चढल्या होत्या. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "परत येणार ना गं, की तिकडचीच होणार?" उत्तर बाबांनी दिलं. "येणार म्हणजे काय! जावईबापूंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की पहिलं विमान."

कॉन्ट्रॅक्ट संपलं. मग नवऱ्याला इथेच कायमची नोकरी लागली. मुलगी आता स्वप्नातही पोर्तुगीज बोलते. मी संध्याकाळच्या वर्गात ती भाषा शिकते.

मध्यंतरी बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला : ओनेश्तू, म्हणजे प्रामाणिक. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच. मूळ लॅटिन 'होनेस्तुस', आणि त्याच्याही मागे 'होनोर', म्हणजे मान. चारचौघांत ज्याला मान, तो होनेस्तुस. खरं बोलणारा हा अर्थ पुढे कधीतरी चिकटला. आपल्या 'प्रामाणिक'मध्ये प्रमाण आहे, पुरावा आहे. मुंबईत मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. पुरावा नसलेलं वाक्य कापायचं, एवढंच मला येत होतं. मानाचा विचार आमच्या टेबलावर होत नसे.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. जुन्या घराच्या बदल्यात बिल्डर एका बेडरूमचं घर देतो. दुसरी हवी तर वरचे पैसे आपण भरायचे. बाबांची सगळी शिल्लक त्यात जाणार होती, आणि मीटिंगमध्ये ते सर्वांसमोर बोलून बसले होते : मुलगी येतेय, आम्हाला दोन हव्यात.

"उद्या सही आहे. काय ते खरं सांग."

मागून आई म्हणाली, "अहो, तिला कशाला पेचात टाकता?"

"बाबा, आम्ही नाही येणार. एकच घ्या."

मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं.

"बरं," ते म्हणाले. "मीटिंगमध्ये माझं मी सांगेन. तू बिल्डिंगमध्ये कुणाला फोनबिन करू नकोस."

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर नव्या घराचा नकाशा आला. हॉलच्या कोपऱ्यात बाबांनी पेनाने एक चौकोन काढला होता. खाली लिहिलं होतं : "इथे सोफा-कम-बेड. चार दिवस आलात तर तिघांना पुरेल."

मुलुंडमधलं माझं घर आता त्या चौकोनाएवढं आहे. मी वर केलेल्या अंगठ्याची खूण पाठवली.