घरची बोली बंद केली तेव्हा

मूल बोलत नसेल, तर घरातही त्याच्याशी शाळेचीच भाषा बोलावी का? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर मात्र मी त्याआधीच देऊन बसलो होतो.

विशेष गरजा असलेल्या मुलांना साध्या शाळेतच बसवावे, असा आदेश आला, त्या सुरुवातीच्या वर्षांत मी बुऱ्हाणपूरकडे, निंबोल्याजवळच्या प्राथमिक शाळेत शिकवत होतो. शाळा हिंदी माध्यमाची, घरे मराठी बोलणारी. केळीच्या बागेत राबणाऱ्या एका बाईने आपली सात वर्षांची मुलगी दाखल केली. मुलगी कुणाकडे पाहत नसे, हाक मारली तरी वळत नसे. भूक लागली की मात्र आईचेच वाक्य जसेच्या तसे म्हणे, "भूक लागली का वं?" मग आई भाकरीचा तुकडा पुढे करी. मुलीचे बोलणे एवढेच.

मी त्याला पोपटपंची समजलो. विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येत, नोंदवहीत सही करत आणि पुढच्या गावी जात. विचारायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून निदान मीच केले: दोन भाषांमुळे मूल गोंधळले आहे. आईला सांगितले, "घरी फक्त हिंदीत बोला."

"मले कुठं येते हिंदी, गुरुजी?"

"येईल. मुलीसाठी शिका."

गुरुजींचा शब्द मोडायचा नाही, ही त्या घराची रीत. तिने ऐकले. शेजारणी चिडवत, "काय वं, तहसीलदारीण झाली का?" सासू म्हणे, "आता भाकर बी हिंदीतच थापजो." त्या बाईला बाजारापुरती हिंदी येत होती, "खाना खा", "इधर आ" यापलीकडे तिला शब्द सुचत नसत. महिनाभरात ती मुलीशी जवळजवळ बोलेनाशी झाली. दिवाळीपर्यंत मुलीचे ते वाक्यही थांबले. भूक लागली की ती स्वतःचे मनगट चावू लागली.

पुढच्या वर्षी बुऱ्हाणपुरात तपासणी शिबिर भरले, तिथे मायलेकींना मी घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असे निदान केले. ऐकलेले वाक्य परत म्हणणे हीच या मुलीची मागायची पद्धत होती, असे शिबिरातल्या वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या. घरी आता फक्त हिंदी बोलते, असे आईने सांगितल्यावर त्यांनी विचारले, "घरची बोली बंद करायला कुणी सांगितलं?"

आईने माझ्याकडे पाहिले नाही. "कोणीच नाही," ती म्हणाली. मी निदानाचा कागद घेतला आणि उठलो.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "गुरुजी, मग आता आपलं बोलू का तिच्याशी?" ती माझी परवानगी मागत होती.

त्या दिवसापासून आई मुलीशी पुन्हा आपल्या बोलीत बोलू लागली. दोन वर्षांनी माझी बदली नेपानगरला झाली. तोवर मुलीच्या तोंडून ते वाक्य परत आले नव्हते.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे आजचे उत्तर "नाही" असे आहे. परंतु तेव्हाही मी असाच खात्रीने बोललो होतो. केवळ मी सांगतो म्हणून हे मानू नका. कोणत्याही आईला सल्ला देण्यापूर्वी वाचातज्ज्ञाला विचारा आणि स्वतः तपासून पाहा.