ठोकळेबाज

अंबडच्या कंपनीत जयरामची उमर एकाच शिस्तीत गेली. नवा भाग आदल्यासारखाच निघाला तर पास, केसभर हलला तर भंगार. कॉलनीतला जयंतीचा देखावाही तो त्याच शिस्तीत करायचा. प्लायवूडचा स्तूप, वर चक्र, बाजूला दोन हत्ती. दरसाल. यंदा मीटिंगमध्ये शेजारची रोहिणी, शाळेत शिकवणारी पोर, म्हणाली, "राग मानू नका काका, पण आपला देखावा फार ठोकळेबाज होतो. यंदा चवदार तळं करा. नाही जमलं तर बाहेरून तयार आणू."

"जमवतो," जयराम म्हणाला खरा, पण 'ठोकळेबाज' हा शब्द सुपारीच्या खांडासारखा दातात अडकला.

"शिवी हाय का ती?" घरी येऊन त्यानं मुलाला, राकेशला, विचारलं.

"नाय हो अप्पा. डोकं न लावता तेच ते करणं. सिनेमाला म्हणतात, भाषणाला म्हणतात."

"अन् माणसाला?"

राकेश मोबाइलात बघत म्हणाला, "म्हणत असतील एखाद्याला."

जयराम ताटावर बसला. बायकोला म्हणाला, "यशोदे, तुझी आमटी ठोकळेबाज हाय."

"मग उद्यापासून तुम्हीच घाला फोडणी. डोकं लावून."

रविवारी दारापुढं त्यानं तळं रंगवलं, पुठ्ठ्याचा साचा धरून प्लायवूडची पाणी पिणारी माणसं कापली, काठानं उभी केली. यशोदाबाई हात पुसत बाहेर आली. "एवढी माणसं, अन् सगळी एकाच आईची?"

जयराम चिडून पुढचा तुकडा कापत होता, तर करवत सटकली. कापलेल्या माणसाच्या पाठीला बाक आला, मान खाली गेली. सवयीनं त्यानं तो तुकडा भंगारात भिरकावला. यशोदाबाईनं उचलून आणला.

"ही माझी आई. सायखेड्याला नदीवर अशीच वाकून प्यायची."

त्यानं तो काठाला लावला. एवढ्या माणसांत तीच एकटी तहानलेली दिसत होती. पण ती तर चुकून झाली. चूक ठरवून कशी करायची? साचा फाडून त्यानं कोऱ्या फळीवर पेन्सिल टेकवली, तर हात जुनीच रेघ ओढायला लागला. पेन्सिल कानावर खोचून तो अनवाणीच कॉलनीच्या नळावर जाऊन उभा राहिला. भाजीवाली आली, प्लंबर आला, जो तो आपल्या रीतीनं ओंजळ धरत होता.

"काय काका, घरी पाणी आलं नाही का?" जाता जाता रोहिणी थांबली.

"आलंय की." भाजीवालीच्या कोपरावरची नजर काढून त्यानं तिच्याकडं बघितलं. "तू पी बरं जरा. घाई नको करू."