भिंगरी मॅडमचा आवाज

आमच्या कॉलेजातल्या भिंगरी मॅडमला एका जागी उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भूगोल शिकवायची. तापी शिकवायची असली की फळ्यापाशी उगमाचं मुलताई, तिथून बाकांमधून चालत चालत मागच्या भिंतीला समुद्र. वाटेत ज्या मुलाच्या बाकापाशी आमचं बऱ्हाणपूर यायचं, त्याला पोरं वर्षभर ‘बुरहानपूर’ म्हणूनच हाक मारायची. हिंदी घरांतली मुलं तिला ‘फिरकी मॅडम’ म्हणत, मराठी घरांतली ‘भिंगरी’. तिला दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्ही आवडत.

मी इतिहासाची. निवृत्ती जवळ आलेली, खडूखेरीज कशाला हात न लावणारी. ती मला ताई म्हणायची. स्टाफरूममध्ये चहा ओतून घ्यायची आणि घोटभर पिऊन उठायची. मी म्हणायचे, “अगं, बस जरा.” ती म्हणायची, “बसले की विचार येतात, ताई.”

विचार यायला कारणही होतं. ती अतिथी विद्वान होती. आमच्या मध्य प्रदेशात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही; बाहेरच्यांसाठी सांगते. नाव मोठं मानाचं, पण अर्थ एवढाच, की कायम नोकरीचा माणूस येईपर्यंत शिकवायचं. तो बदलून आला की आपण बाहेर. त्याला ‘फॉलन आउट’ म्हणतात. झाडावरून पान गळावं तसं. बदल्यांचे दिवस आले की ती दारातून कुणी अनोळखी आत आलं तरी दचकायची.

त्याच वर्षांत सरकारी कॉलेजांत नवी नवी यंत्रं यायला लागली होती. आमच्याकडे स्मार्ट बोर्ड आला. प्राचार्यांनी त्यावर मखमली कापड घातलं आणि बजावलं, “महंगी चीज़ है, कोई छेड़ना मत.” भिंगरीनं आठवड्याच्या आत ते कापड घडी करून कपाटात ठेवलं. बोर्डवर आभाळातून दिसणारा जिल्ह्याचा नकाशा उघडला आणि पोरांना म्हणाली, “आपापलं घर शोधा.” डोईफोडिया गावची दुर्गा नावाची मुलगी, जी कधी तोंड उघडत नसे, ती पुढे आली. बोटानं नकाशा मोठा करत करत एका हिरव्या ठिपक्यावर थांबली. “मॅडम, हा आमचा निंब आहे,” म्हणाली. आणि रडायलाच लागली.

मीही दारात उभी होते. भिंगरी म्हणाली, “ताई, या, तुम्हीपण बोट लावा.”

“बिघडलं तर?”

“दुरुस्त करणारा येईल. त्यालाही पोट आहे.”

मी बोट लावलं. काही बिघडलं नाही. माझ्या वयाच्या बाईला एवढं कळायलाही कुणीतरी हात धरून पुढे ओढावं लागतं.

मग टाळेबंदी आली आणि कॉलेज मोबाइलमध्ये शिरलं. भिंगरीची पंचाईत झाली. मोबाइल एका जागी ठेवून शिकवायला लागली, की अर्धा तास नुसती भिंत दिसायची आणि कुठून तरी तिचा आवाज यायचा. शेवटी राजपुरा मोहल्ल्यातल्या घरी तिनं सासूबाईंच्या हातात मोबाइल दिला. ती फिरेल तसा सासूबाईंनी मोबाइल फिरवायचा. प्रत्येक पाठाच्या शेवटी त्यांचा आवाज यायचा, “झालं का वं? माझा हात भरून आला.” पोरं तेवढंही ऐकायची.

पण डोईफोडियाकडची, तुकईथडकडची पोरं काहीच कळवत नव्हती. दुर्गाचा फोन लागत नव्हता. परीक्षा जवळ येत होती. “पोरगी गेली कुठे?” हा प्रश्न भिंगरी मला दिवसाआड विचारायची, जणू मी तिला लपवून ठेवलंय. रस्ते मोकळे झाले तशी एका सकाळी स्कूटी घेऊन दारात हजर. “ताई, चला.”

माझी कंबर त्या रस्त्यानं पार मोडली. दुर्गा कपाशीत होती. आम्हाला पाहून ओढणीनं हात पुसत आली. “मॅडम, घरी रेंजच नाही. टेकडावर गेलं तर येते थोडी, पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. तुम्ही पण फिरता, तो पण फिरतो.” भिंगरी हसली, पण तिचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात दुर्गाचे वडील आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “मॅडम, कॉलेज तर बंदच आहे. पोरगी घरी बसली आहे तर स्थळ पाहून घेतो म्हटलं.”

“परीक्षा होऊ द्या, भाऊ. तोवर थांबा.”

“पण शिकणार कशी?”

भिंगरी तडक टेकडावर चढली; मागे दुर्गा, तिचे वडील आणि मी. व्हिडिओ खरंच नुसता गोल फिरत राहिला. मग तिनं माझ्या मोबाइलवर दोन वाक्यं बोलून दुर्गाला पाठवली. दुर्गाच्या फोनमध्ये टिंग वाजलं. आवाज पोचत होता.

“आवाजानं शिकवीन,” ती वडिलांना म्हणाली. बोलून बसली खरी, पण तिला ते जमेना. चालत बोलली तर धाप आणि चपला ऐकू यायच्या. रोज माझ्याकडे येऊन ऐकवायची आणि मी म्हणायचे, “काही कळत नाही गं.” शेवटी मी तिला माझ्या मागच्या खोलीत खाटेवर बसवलं. हात मांड्यांखाली दाबून ती बसली. पहिले पाठ लाकडासारखे झाले. “ताई, हात बांधले की माझी जीभ बांधली जाते,” म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं.

मग एक दिवस तिनं डोळेच मिटले. “दुर्गा, टेकडावर उभी राहा,” तिनं सुरुवात केली. “पाठीमागे सागाचं रान. पायाखालची माती उचल. काळी आहे? ही कुठून आली सांगते.” मी दाराशी भाजी निवडत होते, ती निवडायची राहून गेली. इतक्या वर्षांत मी असं शिकवणं ऐकलं नव्हतं. दुर्गाचे वडील तो आवाज शेतात मोठ्यानं लावू लागले; कापूस वेचणाऱ्या बायाही ऐकायच्या. दुर्गा पास झाली. वडील म्हणाले, “आता पदवी होऊनच जाऊ द्या.”

आणि पुढच्याच सत्रात भूगोलाच्या जागेवर बदलून एक सर आले. ती वर्गात होती तेव्हाच निरोप आला. तिनं तास पुरा केला. बाहेर येऊन म्हणाली, “गळालं पान, ताई.” नवे सर सज्जन होते, त्यांना बोल लावायलाही जागा नव्हती.

काही दिवस ती घरातच येरझाऱ्या घालत होती. मग राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शहडोलकडचं एक कॉलेज मिळालं, तेही अतिथी म्हणूनच. नवऱ्याचं दुकान इथं, मुलगा शाळेत. जावं की नाही, तिला ठरवता येईना. सासूबाईच म्हणाल्या, “जा वं माय. इथं राहून तू फरशी झिजवशील. पोराला मी पाहते.”

स्टेशनवर ती डब्यात चढली, उतरली, पुन्हा चढली. मी ओरडले, “अगं, गाडी सुटेल!” दाराच्या दांडीला धरून ती म्हणाली, “ताई, पोरींचे फोन उचला हं.”

फोन यायचे. एकदा दुर्गाच म्हणाली, “मॅडम, तुम्ही पण पाठवा ना आवाज, इतिहासाचा.” मी घाबरत घाबरत कुंडी भंडाऱ्यावर एक पाठ बोलले. मोगलांच्या काळात जमिनीखालून आमच्या शहराला पाणी कसं आणलं, ते. आधी तपासायला भिंगरीला पाठवला. तिचं उत्तर आलं तेव्हा मागे बसचा हॉर्न वाजत होता. “ताई, इथंही कुणी बदलून येतंय म्हणतात. बघू. तुमचा पाठ ऐकला. माहिती सगळी बरोबर. पण चोरून बोलल्यासारखं का बोलता? आपल्या गावचं पाणी आहे ते. पुन्हा करा.”

तिला कुठे ठेवतील, किती दिवस ठेवतील, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. दुपारची वेळ होती. मी दार लोटलं, पंखा बंद केला आणि पुन्हा पाठ बोलायला बसले.