माले गावातली निळी मोटरसायकल

प्रिय ईरा आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू खरंच मोटरसायकल चालवायचीस?" मी हो म्हटलं, तर तुमची आई मागून म्हणाली, "आणि ती अजून माल्यात उभी आहे. किसनकाका गोठा पाडणार आहेत. तिचं काय करायचं ते ठरव एकदाचं." तुम्ही लगेच दुसऱ्या विषयावर गेलात, पण माझ्या डोक्यातून काही ते जाईना. गेल्या शनिवारी मी माल्याला जाऊन आले. तिथे काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. विसरण्याआधी लिहून ठेवते.

आधी थोडं मागचं. ती जपानी गाडी आबांनी, म्हणजे तुमच्या आजोबांनी, जहाजावर काम करणाऱ्या एका इंजिनिअरकडून घेतली होती. तेव्हा तुमच्या आईचा जन्मही झाला नव्हता. गाडीला किक होती आणि उजव्या मुठीशी एक लाल बटण होतं. बटण दाबलं की किक न मारता गाडी चालू व्हायची. आबा आयुष्यभर किकच मारत आले. बटण म्हणजे आळशीपणा, असं त्यांचं मत. त्यामुळे बटण फक्त मीच वापरायचे. पुण्यात नव्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा पार्किंगला एकच जागा मिळाली, म्हणून आबांनी गाडी माल्याच्या किसनच्या गोठ्यात ठेवली. किसनच्या घराशी आमची जुनी ओळख, दर वर्षीचा तांदूळ त्यांच्याकडूनच यायचा. आबा गेले आणि गाडी तिथेच राहिली.

तुमच्या आईशी माझं असं ठरलं: बटणानं, माझ्या हातानं, गाडी चालू झाली तर ठेवायची. नाही झाली तर मुळशीच्या पाण्याकाठी एक हॉटेल आहे, त्यांना द्यायची. ते ती दारात चौथऱ्यावर पक्की बसवणार होते, लोकांनी शेजारी उभं राहून फोटो काढावेत म्हणून. किकचा प्रश्नच नव्हता. माझा गुडघा बदललेला आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हॉटेलचा टेंपो त्याच शनिवारी दुपारी येणार होता.

सकाळी भाड्याची गाडी करून निघाले. चांदणी चौकात आता इतके पूल झाले आहेत की कुठला कुठे उतरतो ते तिथे राहणाऱ्यांनाही सांगता येत नाही. ड्रायव्हर फोनमधल्या बाईचं ऐकून वर चढला आणि आम्ही बंगळूरच्या दिशेनं निघालो.

"आजी, पौड कुठंय?" त्यानं विचारलं.

"आपल्या पाठीमागे."

"मॅप तर सरळ म्हणतोय."

"मॅपला पौडला जायचं नाहीये. मला जायचंय."

वळसा घालून परत आलो. भूगाव, भुकूम, पिरंगुट. पिरंगुटच्या घाटात एका ट्रेलरमागे अडकलो, पौडला मिसळ खाल्ली आणि पौड सोडल्यावर मात्र रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे खाचरं (भाताची शेतं) कापून झाली होती. कापलेल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवलेल्या आणि जागोजागी उडव्या (पेंढ्याच्या रचलेल्या गंजी) उभ्या. हवेत अजून गारवा होता. मधूनच एखाद्या खाचरात प्लॉटच्या हद्दीचे सिमेंटचे खांब दिसत.

किसनच्या अंगणात उतरले आणि विचारलं, "गाडी कुठे आहे?"

"ही काय मावशी, तुमच्या पुढंच की," किसन म्हणाला.

माझ्यापुढे एक निळी वस्तू उभी होती. आमची गाडी गडद लाल होती. ही निळी, आणि निळी म्हणजे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तशी, डोळ्यांत भरणारी निळी. टाकी, चाकांवरचे पत्रे, सांगाडा, सगळं. मी नंबराची पाटी वाचली तेव्हा कुठे ओळख पटली. किसनची आई हौसाबाई, माझ्याच वयाच्या, पदर खोचून शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी फक्त "वा" म्हणाले.

मेकॅनिक दत्ता पौडहून आधीच आला होता. त्यानं आधीच्या आठवड्यात टायर बदलले होते, ब्रेक नीट केले होते, टाकी धुतली होती. किकनं गाडी चालू होत होती. राहिलं होतं फक्त बटण.

"दाबा आजी," तो म्हणाला.

मी दाबलं. आतून आवाज आला, टक्. आणि पुढचा दिवा विझला. बोट उचललं, दिवा लागला. पुन्हा दाबलं. टक्, दिवा गेला.

"बॅटरी मेली," दत्ता म्हणाला.

"पण हॉर्न तर जोरात वाजतोय," मी म्हटलं.

"हॉर्नला काय लागतंय आजी? हॉर्न कुणीबी वाजवतं. आमचा सरपंचबी वाजवतो. इंजिन फिरवायला ताकद लागती."

खात्री करायला किसननं ट्रॅक्टर शेजारी आणला. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून दोन जाड वायरी ओढल्या. लाल वायर गाडीच्या बॅटरीला आणि काळी खाली इंजिनाच्या लोखंडाला लावली. मी बटण दाबलं आणि घर्रर्र करून गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली! हौसाबाईंनी हात जोडले. दत्ता म्हणाला, "बगा, बॅटरीच." मग गाडी बंद करून वायरी काढल्या. किसननं पौडहून नवी कोरी बॅटरी आणली, ती बसवली, मी बटण दाबलं.

टक्.

मग दत्ता म्हणाला, "आता इंजिन फिरवनारी मोटर खोलावी लागंल. पुण्याला न्यावी लागंल. चार-आठ दिस जातील."

मला हे पटेना. मी म्हटलं, "दत्ता, मोटर बिघडली असेल तर ती ट्रॅक्टरवर कशी फिरली?"

"फिरली खरी."

"आणि बॅटरी वाईट होती, तर नवीनवर का फिरत नाही?"

"न्हाई फिरत खरी." त्यानं डोकं खाजवलं. "आजी, तुमी मास्तरीण व्हता का?"

"कॉलेजात इंग्रजी शिकवत होते."

"म्हंजी उत्तर तुमालाबी येत न्हाई."

येत नव्हतंच. तेवढ्यात हॉटेलचा टेंपो आला आणि मालक स्वतः उतरले. सभ्य गृहस्थ, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "रंग फार छान दिलाय," ते म्हणाले. "काही घाई नाही, तुमचं होऊ द्या." पण त्यांचा माणूस टेंपोची फळी खाली करू लागला. मला वाटलं होतं तितकी काही मी या गोष्टीसाठी तयार नव्हते.

हौसाबाई म्हणाल्या, "आदी जेवा समदी. उपाशीपोटी कुनाची गाडी उचलायची न्हाई आमच्या दारातून."

तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी, ठेचा आणि नव्या तांदळाचा वाफाळता भात. हॉटेलच्या मालकांनीही मांडी घातली. मी खुर्चीवर बसले. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी हौसाबाईंना विचारलं, "हा निळा रंग कोणी दिला?"

"म्याच की," त्या म्हणाल्या. "सायब सांगून गेलते, हौसाबाई, गाडीला गंज लागू देऊ नका. आता बैल इकले, ट्रॅक्टर आला. पोळ्याला रंग तर आणायचाच, सवय हाय. शिंगं कुटली रंगवू? मग दर पोळ्याला हिला लावला. पुरनपोळीबी दावली."

"मग खाल्ली का?" दत्तानं विचारलं.

"गप रं. तुज्यापरीस शानी हाय ती." हौसाबाई माझ्याकडे वळल्या. "नुसता वरवर न्हाई लावला बाई. एक-एक नट सोडवून, आतनं लावला. त्यो काळा पट्टा हाय न्हवं, बॅटरीपासनं सांगाड्याला जातो, त्योबी काढला. त्याच्या खालीबी गंज येतो."

दत्ताचा घास हातातच राहिला. "आये, आन् त्यो पट्टा परत कुटं लावला?"

"व्हता तितंच. रंग वाळल्यावर. चांगला घट आवळला."

दत्ता हात न धुता उठला, मग परत येऊन हात धुतले. त्यानं मला बोलावून दाखवलं. मला समजलं ते असं: बॅटरीतून वीज निघते, मोटर फिरवते आणि गाडीच्या लोखंडातून, त्या काळ्या पट्ट्यामधून बॅटरीत परत येते. पट्ट्याखाली कित्येक पोळ्यांचा रंग साचला होता. दिवा-हॉर्नपुरती थोडी वीज बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी परतत होती, मोटरपुरती नाही. ट्रॅक्टरची काळी वायर सरळ इंजिनालाच लावलेली, म्हणून तेव्हा जमलं. दत्तानं पट्टा सोडवला आणि पान्याच्या टोकानं रंग खरवडला. निळ्याखाली निळा, त्याखालीही निळा, आणि मग चकचकीत लोखंड.

हौसाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी माज्यामुळं?"

"हौसाबाई," मी म्हटलं, "बाकीच्या गाडीला गंजाचा एक ठिपका दाखवा मला."

त्यांनी खरंच वाकून शोधला. सापडला नाही.

बटण दाबलं. गाडी चालू झाली.

तुमच्या आईशी ठरल्याप्रमाणे सगळं तिथेच संपायला हवं होतं. पण मी म्हणाले, एक फेरी मारते. गाडीच्या कागदांची मुदत संपलेली आहे, त्यामुळे रस्त्यावर नाही. कापलेल्या खाचरातून ट्रॅक्टरची वाट पार पलीकडच्या उडवीपर्यंत जाते, तिच्यावरून. किसन म्हणाला, "मावशी, जपून." दत्ता म्हणाला, "जाऊ द्या, खाली पेंढाच हाय."

पहिल्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखी, मी गेले. क्लच आणि ब्रेक कुठे आहेत ते हातापायांना माहीत होतं. उडवीपाशी वळताना गाडी बंद पडली.

मागे पाहिलं तर सगळे लहान-लहान दिसत होते. त्यांना हाक ऐकू गेली नसती. मी गाडी न्यूट्रलमध्ये आणली आणि बटण दाबलं.

टक्.

मी तशीच उभी राहिले. एक मेंढी माझ्याकडे बघत होती. आता ते लोक तिथून धावत येतील, गाडी ढकलत नेतील आणि टेंपोत चढवतील, हे सगळं मला दिसलं. मग मी बोट उचललं, मान खाली घालून पुन्हा दाबलं, आणि गाडी चालू झाली. पहिल्यांदा का नाही झाली, ते मला आजही माहीत नाही. दत्तालाही माहीत नाही. तो म्हणतो, "कदी कदी तसं हुतं." हे काही उत्तर नव्हे, पण मी ते स्वीकारलं आहे.

परत आले तेव्हा हॉटेलचे मालक टेंपोची फळी स्वतः वर करत होते. "आजी, विकायची नाही ना?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हटलं. ते हौसाबाईंकडून तांदळाचं पोतं घेऊन गेले.

गाडी सध्या किसनच्या पडवीत आहे. तिचे कागद नव्यानं होईपर्यंत तिथेच राहील. येताना चांदणी चौकात आम्ही पुन्हा चुकलो आणि ड्रायव्हरनं या वेळी मला काही विचारलं नाही. घरी येऊन तुमच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "लाल रंग परत देऊन घे निदान." मी वाटेभर त्याचा विचार केला होता. नाही देणार.

तर तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा काय असेल ते सांगते. गाडी आहे. बटण चालतं, बहुतेक वेळा. आणि काळ्या पट्ट्याखालची रुपयाएवढी जागा सोडली, तर ती सगळी निळी आहे.

तुमची,
आजी