मेंबरमामांचा हात

मेंबरमामा घरातसुद्धा खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे बोलत. अर्धा जन्म भाट्याच्या खाडीत होडी हाकण्यात गेलेला. लोकल बोर्डाच्या सभेत उभे राहिले तरी आवाज तोच. अध्यक्ष वकील होते, ते हसून कानांवर हात ठेवत. आमच्या वाडीतून बोर्डावर गेलेला पहिला माणूस म्हणजे हे माझे थोरले मामा. आधी सरकारने नेमले, मग निवडून आले, शेवटी उपाध्यक्ष झाले.

वाडीला गोड्या पाण्याची विहीर आणि शाळेला कौले त्यांच्यामुळे मिळाली. कुणी कौतुक केले की म्हणत, "बोर्डात माझा हात वर गेला म्हणजे वाडीचा गेला." सभेच्या आदल्या संध्याकाळी दारोदार फिरत आणि म्हाताऱ्या बायांनाही विचारत, "उद्या काय बोलू गो?"

एका श्रावणात वाडीतलीच एक होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बाजारातून परतणाऱ्या बाया बुडाल्या. त्यांची प्रेते बाहेर काढणाऱ्यांत मामा होते. पुढे बोर्डात ठराव आला, की पावसाळ्यात लहान होड्यांतून उतारू न्यायचे नाहीत. पण पावसात मासेमारीला समुद्र बंद. वाडीच्या चुली पेटत त्या उतारूंवरच. धाकट्या भिकूमामांच्या घरी तर दुसरे काहीच नव्हते. त्या सभेआधी मामा कुणालाही विचारायला फिरले नाहीत.

त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. बोर्डाने मोठी होडी ठेवावी आणि तिच्यावर वाडीचीच माणसे घ्यावीत, असेही सुचवले. ठराव तेवढा मंजूर झाला. होडीचा विषय पुढच्या सभेवर गेला आणि तसाच पुढे जात राहिला.

भिकूमामा दारात उभे राहून म्हणाले, "दादा, तो हात आमचा नव्हता." त्यानंतर ते बोलायचे थांबले. मामीने त्यांच्याकडे तांदूळ पाठवले, ते तसेच परत आले.

मी शहरात दिलेली, पण माहेरी येणे-जाणे असायचे. एकदा चिडून विचारले, "विरुद्ध मत दिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

मामांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "बुडाल्या त्या बायांना मत नव्हतं गो. त्यांच्यासाठी हात कोणी वर करायचा?"

पुढच्या निवडणुकीत मामा पडले. वाडीतली मोजकी मतेही विरुद्ध गेली. लग्नकार्याची बोलावणी थांबली. होळीला ते आपल्याच अंगणात बसून ढोल ऐकत. मामी वारल्यावर मुंबईच्या मुलाने त्यांना बोलावून घेतले.

माझ्या नवऱ्यालाही तिकडेच नोकरी लागली होती. मी त्याच आगबोटीने निघाले. बंदरातून आगबोटीपर्यंत पडावाने जावे लागे. पडावावर वल्ह्याला भिकूमामा होते. सारी वाट दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता बसले. शिडीपाशी लाटेने पडाव उचलला, तसा भिकूमामांनी थोरल्याचा दंड घट्ट धरला.

"जपून, दादा." मग हात न सोडताच म्हणाले, "त्या मोठ्या होडीचं काय झालं?"

"अर्ज करतो, भिकू. मुंबईहून करतो."

आणि केले त्यांनी. दर पावसाळ्याआधी ते सांगत, मी लिहून देई. उत्तर एकदाही आले नाही. मामा मुंबईच्या चाळीतच वारले.

बाराव्याला भिकूमामा गावाहून आले. मी त्यांना अर्जांचे सांगितले. त्यांनी विचारले,

"यंदाचा गेला?"

"नाही."

"मग माझ्या नावानं लिही, बाय."